मधली रांग

माझी सून कुंड्या फिरवत नाही. सगळ्या फिरवते, पण मधल्या रांगेतल्या चाळीस कुंड्यांना हात लावत नाही. आळस असता तर मी समजून घेतलं असतं. आळशी माणूस सगळंच टाकून देतो. ही काचेकडच्या दोन रांगा फिरवते, भिंतीकडच्या दोन रांगा फिरवते, आणि मधलीपाशी आली की मान खाली घालून पुढे जाते. याला आळस म्हणत नाहीत. याला सासूच्या नाकावर टिच्चून वागणं म्हणतात. हे मी घरात म्हटलं, दारात म्हटलं, गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरचा माणूस रोपं न घेताच जातो, असं आमचे हे म्हणायचे.

आमचा धंदा रोपांचा. काचघर म्हणतो आम्ही, पण ते एक जुनं लांबलचक गोदाम आहे. तीन अंगांना विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि एका लांब अंगाला जमिनीपासून वरपर्यंत काच. पत्रा काढून तिथेही काच बसवायची असं सासरे म्हणत होते, ते त्यांच्याकडून राहिलं आणि आमच्याकडूनही राहिलं. त्यामुळे उजेड येतो तो एकाच अंगाने, आणि रोप झुकतं तेही त्याच अंगाला. आठ दिवस लक्ष दिलं नाही तर सगळी रांग काचेकडे माना वेळावून उभी, जणू बाहेरून वरात चालली आहे. असं वाकडं रोप कोण विकत घेणार? आणि खोड एकदा पक्कं झालं की ते परत सरळ होत नाही, नवा शेंडा तेवढा वळतो.

म्हणून पाव फेरा. रोज सकाळी प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची. कुंडीच्या काठाला पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो. आज ठिपका काचेकडे, उद्या दाराकडे, परवा भिंतीकडे, तेरवा हौदाकडे, की पुन्हा काच. सासूने मला हे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी शिकवलं आणि चौथ्या दिवशी सहा कुंड्या राहिल्या म्हणून मी तिची बोलणीही खाल्ली. मी चौथीच्या पुढे शाळेत गेले नाही, पण दारात उभं राहून एका नजरेत सांगते की दोनशेपैकी किती ठिपके चुकले. आणि मधल्या रांगेचे चाळीसच्या चाळीस रोज काचेकडे.

आता मूळ गोष्ट सांगते.

गेल्या हिवाळ्यात आमचे हे त्या काचघरात पडले आणि बावीस दिवसांनी गेले. भेटायला आलेल्या बायकांनी घर भरलं होतं, तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हटलं की पहाटे काचघराचा दिवा लावायचं काम सुनेचं. आत ओल असते म्हणून त्या दिव्याचं बटण आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आहे. ती उठते, बटण दाबते, सासऱ्याला चहा देते, मग हे जातात. त्या दिवशी ती उठली नाही. म्हातारा अंधारात गेला आणि हौदाच्या पायऱ्यांवर पडला.

ती कपबशा घेऊन दारात उभी होती. "हो, मी उशिरा उठले," एवढंच म्हणाली आणि कपबशा ठेवायला आत गेली.

माझं बोलणं लोक घरी घेऊन गेले. दुकानात तिच्या मागे कुजबुज व्हायला लागली. एकीने तर तोंडावर विचारलं, "काय गं, आज लावलास का दिवा?" माझी नात सात वर्षांची, आम्ही तिला पिंटुकली म्हणतो. तिने शाळेतून येऊन विचारलं, "आईने आजोबांचा दिवा विझवला का?" तेव्हाही मी गप्प बसले. मला वाटत होतं, भोगू दे. ही उठली असती तर माझा माणूस समोर बसलेला असता.

माझा मुलगा गाडीतून रोपं पोचवतो. त्याने दुसऱ्या गावात नोकरी धरली. मला सांगितलं ते पाठमोरा उभा राहून, गाडीची काच पुसता पुसता. रविवारी निघतो म्हणाला, बायकोला इथे राहवत नाही म्हणाला. मी म्हटलं, जा. अडवणारी मी नाही. त्या दिवशी मंगळवार होता, आणि बुधवारी मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं.

त्या आधी ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे बोलायला कमी. घरातलं बोलायचं काम मी घेतलं होतं, रोपांचं त्यांनी. मला फौजदार म्हणायचे. माझ्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे आणि ती हलली तर मी घर डोक्यावर घेते. ताटाच्या उजव्या अंगाला वाटी, पाण्याचा तांब्या डावीकडे, चपला उंबऱ्यापासून दोन बोटं लांब, खुर्ची भिंतीला टेकलेली. मुलगा म्हणायचा, आपल्या घरात डोळे मिटूनसुद्धा चालता येईल. त्याला चेष्टा करायची होती.

शेवटची दोन वर्षं ह्यांनी पेपर वाचणं सोडलं. पिंटुकलीचं वाचन सुधारायला हवं म्हणून तिला मोठ्याने वाचायला लावायचे. बियांच्या पाकिटांवरची नावं सून वाचायची. गिऱ्हाईक दारात आलं की हे आधी खाकरायचे, त्याला बोलू द्यायचे, मग नावाने हाक मारायचे. ताटावर बसले की काठावरून बोट फिरवायचे. मी म्हटलं, काय, ताट चोरीला गेलंय का तपासताय? हसले. "फौजदारांच्या राज्यात कशी चोरी होईल," म्हणाले.

आणि त्यांच्या हाताला सतत जिरेनियमचा वास यायला लागला. जिरेनियमच्या पानाला नुसता हात लागला तरी तो वास बोटांना राहतो. मधली रांग सगळी जिरेनियमची. पूर्वी ते रोपांना उगाच हात लावणाऱ्यावर डोळे वटारायचे, आणि आता त्याच रांगेतल्या वाटेकडच्या पानांच्या कडा चुरगळलेल्या, तपकिरी पडलेल्या दिसायच्या. मी म्हटलं, सुनेचा पदर घासतो, बघून चालत नाही. सुनेने पदर खोचला आणि ती पुढच्या रांगेला लागली. 

एकदा ते पिंटुकलीला घेऊन काचघरात बसले होते. एका थाळीत बी रुजत घातलं होतं, बोटाएवढे कोंब आले होते. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाची एवढीशी टोपी करून त्यांनी एका कोंबाच्या शेंड्यावर बसवायला तिला सांगितलं. दोन दिवसांनी बाकीचे सगळे कोंब काचेकडे वाकले, टोपीवाला तसाच सरळ उभा. मी पाण्याची झारी घेऊन तिथेच होते. हे तिला सांगत होते की रोपाचे डोळे शेंड्याला असतात. उजेड कुठे आहे ते शेंड्याला कळतं, पण वाकतं ते खाली. आणि रोप उजेडाकडे धावतं असं लोकांना वाटतं, तसं नाही. त्याची अंधारातली बाजू जास्त वाढते. ती लांबते, ती ढकलते, म्हणून ते झुकतं.

पिंटुकलीला टोपीवाल्याची काळजी. "मग याला उजेड कुठे आहे ते कधीच कळणार नाही?"

"कळेल की," हे म्हणाले. "शेजारच्यांना विचारेल."

मी म्हटलं, लहान पोरीला काहीतरी सांगू नका, आणि झारी भरायला गेले.

मधल्या रांगेवरून माझं आणि सुनेचं खरं भांडण झालं ते ह्यांच्या पडण्याच्या आदल्या दिवशी. फुलवाल्या बाईने, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने, बारा जिरेनियम परत पाठवले. वाकडे आहेत म्हणाली, दुकानात मांडले तर पाठ फिरवून बसलेले दिसतात. चाळीस वर्षांत माझं एक रोप वाकडं म्हणून परत आलं नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला अंगणात उभं करून मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. तिच्या माहेरचं काढलं, तिच्या आईने काय शिकवलं ते काढलं. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "राहू दे ना. माझ्याच सांगण्यावरून ती रांग ठेवलीय तशी. एक प्रयोग करतोय."

मी म्हटलं, तुमचे प्रयोग आणि हिचा कामचुकारपणा, दोघांचं छान जमलंय. आणि तुम्ही तिची बाजू घेऊ नका.

ते दाराच्या चौकटीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि आत गेले. तेव्हा त्यांनी सांगायला हवं होतं. किंवा मी विचारायला हवं होतं की कसला प्रयोग. मी कधी कुणाला विचारलेलं नाही, मी सांगते.

संध्याकाळी सगळे घरात गेल्यावर मी काचघरात गेले. मधल्या रांगेतल्या चाळीसही कुंड्या मी स्वतःच्या हाताने फिरवल्या. पाव फेऱ्याने भागण्यासारखं नव्हतं, इतके वाकले होते ते. अर्धा फेरा दिला. काचेकडे झुकलेली सगळी डोकी भिंतीकडे गेली, सगळे ठिपके भिंतीकडे. आठ दिवसांत निदान शेंडे तरी वळतील असा हिशेब केला. कंबर भरून आली होती, पण दारातून मागे वळून बघितलं आणि बरं वाटलं. आता सकाळी सून आली की बघेल, असं मनात म्हटलं.

सकाळी सून आली नाही. पिंटुकलीला ताप होता, तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत पहाटे केव्हातरी तिचा डोळा लागला. हे नेहमीप्रमाणे पाचला उठले आणि एकटेच गेले. हिवाळ्याचे दिवस, बाहेर मिट्ट काळोख. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गेले तेव्हा ते हौदाच्या पायऱ्यांवर होते. आमचा हौद दाराच्या बरोबर समोरच्या टोकाला आहे, जमिनीत, दोन पायऱ्या खाली. खुबा मोडला होता, डोक्यालाही लागलं होतं. शुद्धीत होते. मला म्हणाले, "घाबरू नकोस, पाय घसरला."

घसरायला पायऱ्या कोरड्या होत्या. पण तेव्हा ते कोण बघतो.

मुलाने आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं. सून पोरीपाशी राहिली. संध्याकाळी मी कपडे न्यायला घरी आले आणि काचघराला कुलूप लावायला म्हणून गेले, तर मधल्या रांगेचे चाळीस ठिपके पुन्हा काचेकडे. जशी होती तशी करून ठेवली होती रांग. सासरा दवाखान्यात, पोर तापाने फणफणलेली, आणि ही बाई माझ्यावर सूड म्हणून कुंड्या उलट्या फिरवत बसली होती. मी त्या दारात उभी राहून तिला मनातून उतरवली ती उतरवलीच. पुढे सगळ्यांच्या देखत जे बोलले ते त्या दारातच ठरलं होतं.

दवाखान्यात हे बावीस दिवस होते. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडायचे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "फौजदार, मधल्या रांगेच्या कुंड्या फिरवल्या होत्यास का परवा?"

मी म्हटलं, मग? तुमची लाडकी सून फिरवणार होती का?

 त्यांनी माझा हात शोधून हातात घेतला. "बरं केलंस," म्हणाले. "रोपं सरळच हवीत."

मला वाटलं, चला, उशिरा का होईना माझी बाजू घेतली. ते मी नंतर सुनेला ऐकवलंसुद्धा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं ही आता उलटून बोलणार. पण ती पिंटुकलीला हाक मारत बाहेर गेली.

तर बुधवारी मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. मला सुईत दोरा ओवता येत नव्हता. डॉक्टरीणबाई तरुण, बोलकी. कागदावर पत्ता बघून म्हणाली, "नर्सरीवाल्या काकांच्या घरच्या का तुम्ही? काका कसे आहेत?"

मी म्हटलं, गेले. तिला वाईट वाटलं. म्हणाली, किती हिमतीचा माणूस होता, आणि तुमची सून दर तीन महिन्यांनी न चुकता त्यांना घेऊन यायची. मला काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं दोघं खत आणायला जातात. पण नवऱ्याची गोष्ट मला परक्या बाईकडून कळते आहे हे मी तिला दाखवणार होते थोडीच? मी म्हटलं, हो ना, यायचे बिचारे. आणि मान हलवत राहिले, म्हणजे ती बोलत राहील.

ती बोलत राहिली. म्हणाली, आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग मधलं. शेवटचं वर्ष-दीड वर्ष तर उजेड-अंधारसुद्धा कळत नव्हता. "मी म्हटलं, काका, आता कामावर जाऊ नका. तर म्हणाले, आत जाताना भिंत धरून जातो, त्यात काही नाही. पण कुंड्यांमध्ये वाकलं, दोनदा इकडे-तिकडे वळलं, की तोंड कुठे आहे ते कळत नाही. मग मधल्या रांगेच्या पानांवरून हात फिरवतो. रोपं झुकलीत तिकडे काच. झुकाव डाव्या हाताला लागला की समोर दार, उजव्या हाताला लागला की समोर हौद. सुनेला सांगून ती रांग मुद्दाम फिरवायची बंद केलीय म्हणाले." ती हसली. "मी इथे सगळ्यांना सांगते ती गोष्ट."

तिने माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. बरं झालं सांगितलं.

घरी आले तर ओटीवर खोकी बांधून ठेवलेली. मी कोणाशी बोलले नाही. मागच्या दाराने काचघरात गेले. दुपार होती, काचेतून ऊन पार मधल्या रांगेपर्यंत आलं होतं. मधल्या वाटेवर उभी राहिले, डोळे मिटले आणि स्वतःभोवती तीन-चार गिरक्या घेतल्या, लहान पोरी घेतात तशा. या वयात कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं म्हातारी गेली कामातून. थांबले तेव्हा खरोखरच कळेना की दार कुठे, हौद कुठे. चाळीस वर्षं त्या जागेत वावरले मी, आणि पाय उचलायची भीती वाटली.

मग हात पुढे केला. पानं लागली. एका कुंडीवरून कळत नाही, तीन-चारांवरून कळतं. देठ सगळे एकीकडे ओढलेले, मऊ, आणि पानांचे तळवे त्याच अंगाला. माझ्या डाव्या हाताला. म्हणजे समोर दार. मी चालायला लागले. एक, दोन, पाच, बारा पावलं, पानं हाताखालून जात होती, आणि पाय उंबऱ्याला लागला. डोळे उघडले तर दारात उभी.

तिथेच बसले मी. हाताला तो वास येत होता.

माझा माणूस त्या पहाटे काळोखात तिथे उभा राहिला असेल, हात पुढे केला असेल, आणि पानांनी सांगितलं असेल की काच डावीकडे आहे, समोर दार आहे, चल. वर्षभर ज्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं त्यांचं त्याने ऐकलं. माझी रांग होती ती. चाळीसही कुंड्या एका ओळीत, एकही चुकलेली नाही.

दिवा लागला असता तरी काय झालं असतं? त्याला दिव्याचा उपयोग नव्हता. सुनेला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कपबशा हातात घेऊन ती उशिरा उठले म्हणाली, तेव्हाही माहीत होतं. आणि त्या दिवशी, घरात कोणी नसताना, तापलेल्या पोरीला एकटं ठेवून ती काचघरात गेली आणि चाळीस कुंड्या परत फिरवून ठेवल्या, ते कशासाठी, हे मला तिथे उंबऱ्यावर बसल्यावर कळलं. नंतर कोणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून. माझ्या तर नाहीच.

आणि मला का सांगितलं नाही, हेही मला विचारायची गरज नाही. सांगितलं असतं तर मी त्याला त्या दिवसापासून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलं असतं. काचघराची किल्ली कमरेला लावली असती. तो जगला असता, आणि मी जिंकले असते, आणि त्याने रोज बसल्या बसल्या दाराकडे कान लावले असते. मला मी चांगली ठाऊक आहे. त्यालाही होते.

उठले, तोंड धुतलं, आणि आत गेले. सून मधल्या खोलीत पितळेची भांडी कागदात गुंडाळत होती, मुलगा खोक्याला दोरी बांधत होता, पिंटुकली खोक्यात बसली होती. मी सुनेसमोर माझा हात धरला. तिला वाटलं मारते की काय, ती मागे सरकली. मग तिला वास आला.

"कुणी सांगितलं?" ती म्हणाली. अगदी हळू.

मी म्हटलं, ज्याने सांगायला हवं होतं त्याने नाही.

ती खालीच बसली, कागदांच्या ढिगात. ह्यांनी तिला दवाखान्यात जवळ बोलावून सांगितलं होतं, मी औषधं आणायला खाली गेले असताना. फौजदाराला हे कधी कळता कामा नये, म्हणाले होते. ती दुसऱ्या कुणाला सोडत नाही, तशी स्वतःलाही सोडणार नाही. आणि रांग अजून का फिरवत नाहीस असं मी विचारलं, तर म्हणाली, "हात होत नाही, आई. वाटतं, येतील."

मुलगा दोरी हातात धरून आमच्याकडे बघत होता. त्याला काही कळत नव्हतं. त्याच्या बायकोने त्यालाही सांगितलं नव्हतं. अकरा महिने, एकाच घरात, एकाच अंथरुणावर. असं तोंड बंद ठेवणारं माणूस मी आयुष्यात बघितलेलं नाही, आणि मला त्याचा रागही आला, अजून येतो.

मला रडता येत नाही, कधीच आलं नाही. मी उभीच राहिले, आणि मुलाला आणि पिंटुकलीलाही ऐकू जाईल अशा माझ्या नेहमीच्या आवाजात तिला म्हटलं:

"ऐक. तू खोटारडी आहेस. दोन वर्षं माझ्या नवऱ्याशी संगनमत करून खोटं वागलीस, तेवढी चूक तुझी, आणि ती मी मरेपर्यंत तुला ऐकवणार. पण दिव्याचा काही संबंध नव्हता. त्याला दिसतच नव्हतं. कुंड्या मी फिरवल्या. चाळीसच्या चाळीस, या हातांनी. उद्या मी त्या सगळ्या बायकांना परत घरी बोलावते आणि तू याच दारात उभी असताना हे त्यांना सांगते, चहा मी करीन. रविवारी जायचं तर जा, राहायचं तर राहा, पण तो दिव्याचा ठपका तुझ्या खोक्यात बांधू नकोस. तो माझा आहे, तो इथेच राहील. आणि मधल्या रांगेला हात लावायचा नाही. तुझं बरोबर होतं."